धर्मादादांच्या बराकीतला रोटीचोर

नवघरच्या उत्तमरावांनी निवृत्तीनंतर कादंबरी लिहायला घेतली, तीही युद्धकैद्यांच्या छावणीतली गुप्तहेरकथा! बायकोने, शुभदाताईंनी, कपाळाला हात लावला. पण गडी हटला नाही. हाताशी धर्मादादा होते ना! जुन्या भाईंदरचे कोळी, तरुणपणी फौजेत ड्रायव्हर, एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या हाती लागलेले. उत्तमराव दुपारी प्रकरण वाचून दाखवायचे, दादा ओट्यावर सुकट निवडत ऐकायचे आणि चुका काढायचे.

कथेत बराकीतल्या कैद्यांच्या रोट्या चोरीला जातात आणि एक चलाख सुभेदार माग काढतो. शेवटच्या प्रकरणात त्याने चोराला सगळ्यांसमोर उभं केलं, तसे दादा म्हणाले, "ह्ये फाडा."

उत्तमरावांचा चेहराच पडला. वर्षभर घाम गाळला तो काय फाडायला? "अहो दादा, चोर सापडल्याशिवाय गुप्तहेरकथा कसली?"

"सापडला व्हता. आमच्या बराकीत बी रोट्या जायच्या. कोन नेतोय, समद्यांना कललं."

"मग? चोपला असेल!"

"कशापाय? आमच्या होडीवर आजारी खलाशाचा पन वाटा काढतात, त्यो घरी झोपला असला तरी. मी पोरांना तेच सांगितलं. ह्यो भुकेनं आजारी हाय, ह्याचा वाटा काढा. परत्येकानं आपल्या रोटीचा तुकडा दिला. चोरी थांबली. नाव कोनी काढलं न्हाय."

उत्तमरावांच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर हावही सुटली. असा शेवट कुणाला मिळतो! "कोण होता हो तो? नाव बदलून लिहितो."

"न्हाय."

"इतकी वर्षं झाली, दादा! जिवंत तरी आहे का?"

"गेला. पोरं हायत त्याची. दर दिवाळीला फोन करतात. काका, आमच्या बाबांचं कायतरी सांगा ना. मी सांगतो, लय शूर व्हता." दादांनी सुकटीतला एक खडा बाजूला टाकला. "व्हताच. नाव बदला नायतर गाव बदला, वाचल्यावर वलखतील ती."

उत्तमरावांना स्वतःचीच लाज वाटली. त्याच संध्याकाळी त्यांनी शेवटचं प्रकरण फाडलं आणि वाट्याची गोष्टही लिहिली नाही. आता त्या कादंबरीत चोर सापडतच नाही. शुभदाताई वैतागतात, "असलं कोण छापणार?"

"नाही छापलं तर नाही," उत्तमराव म्हणतात आणि चहा मागतात.