हनुवटीखालची सावली

आमच्या भागातल्या पुष्कळशा बायका छातीचा एक्स-रे काढताना मंगळसूत्र उतरवत नाहीत. ते वर ओढून दातांत धरतात. नवरा बाहेर बाकावर बसलेला असताना गळा मोकळा कसा करायचा, एवढीच त्यामागची भावना. कागलच्या केंद्रात माझ्या पत्नीनेही तेच केले. दार लागण्यापूर्वी मला ते दिसले. तंत्रज्ञ "चालतंय" म्हणाला आणि त्याने दार ओढून घेतले.

तिचा खोकला दिवाळीपासून हटत नव्हता आणि उजवा खांदा सतत ठणकत असे. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या टोकाशी, गळ्याच्या हाडामागे, पांढुरकी सावली आली. डॉक्टरांनी ती बोटाने दाखवली आणि कोल्हापूरला जाऊन सीटी स्कॅन करायला सांगितले.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. घरी आल्यावर ते चित्र खिडकीशी धरून मी त्यातले दोष शोधू लागलो. दोष होतेच. दातांत मणी धरल्यामुळे हनुवटी खाली आली होती आणि फुप्फुसांची टोके नेमकी तिच्या आड गेली होती. श्वास पुरता भरलेला नव्हता. गळ्याची दोन्ही हाडे मणक्यापासून सारख्या अंतरावर नव्हती. म्हणजे ती किंचित वळून उभी राहिली असणार. मग आठवडाभर मी वाचतच राहिलो. किरण कमी पडले तर चित्र रवाळ होते आणि वाढवावेत तर शरीराला अपाय. छाती समोरच्या एक्स-रेच्या फळीपासून दूर राहिली तर चित्रातल्या कडा पसरतात. क्षणभराच्या हालचालीनेही रेषा पुसट होतात. हे सारे खरे होते. प्रत्येक नियमातून मला आणखी एक पळवाट सापडत होती आणि तिला मी अभ्यास म्हणत होतो.

"डॉक्टरांनी सीटी सांगितलाय न्हवं?" पत्नीने विचारले.

"आधी एक्स-रे नीट काढून घेऊ. पहिला सदोष आहे."

"फोटो सदोष हाय म्हणून खांदा दुखतोय व्हय?"

ती हसत म्हणाली खरी, पण खांद्यावरचा हात तिने काढला नाही.

कोल्हापूरच्या केंद्रातला तंत्रज्ञ मोठ्या आवाजाचा आणि मोकळ्या स्वभावाचा होता. मी त्याला इतके प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, "पावणं, फोटो काढायला आलाय का आमची परीक्षा घ्यायला?" बाकावरची माणसे हसली. मग तो पत्नीकडे वळला. "वैनी, गळ्यातलं काढावं लागंल."

"ह्यांच्या देखत?"

"तेवढा येळ ह्यांच्याच हातात द्या की. कुठं पळून जात न्हाईत."

तिने ते काढून माझ्या तळहातावर ठेवले. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा गळा मी प्रथमच तसा पाहिला, आणि तो तसा करायला लावणारा मीच होतो.

तंत्रज्ञाने मला आपल्याजवळ, शिशाच्या काचेमागे उभे राहू दिले. "हनुवटी वर. खांदं फुडं. श्वास भरा. धरा." तिला खोकल्याची उबळ आली. तो थांबला. पुन्हा श्वास, पुन्हा उबळ. अखेर डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिने श्वास रोखून धरला.

पडद्यावर उमटलेल्या चित्राला नाव ठेवायला जागा नव्हती. हाडे समान अंतरावर होती, फुप्फुसांची टोके पूर्ण मोकळी होती, बरगड्या एकेक वेगळ्या दिसत होत्या. सावली होती तिथेच होती. कागलच्या चित्रात ती धुरकट होती; आता तिला स्वच्छ कडा आल्या होत्या आणि तिच्यालगतच्या बरगडीचा एक तुकडा खाल्ल्यासारखा झिजला होता. तंत्रज्ञाने ती जागा मोठी करून पाहिली. मी मात्र अजून चित्रावरून नजर फिरवीत होतो. कुठे कड पसरली आहे का, पत्नी जराशी हलली आहे का. काही सापडेना. मी येऊन बाकावर बसलो.

थोड्या वेळाने पत्नी बाहेर आली. मंगळसूत्र घेऊन तिने गळ्यात घातले, पदर नीट केला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. चित्र कसे आले, हे तिने विचारले नाही.

"पटलं न्हवं आता?" ती हळूच म्हणाली.

दुखणे साधे नाही, हे तिला कागलच्या आधीपासूनच कळले असावे. तो आठवडा तिने दुखरा खांदा घेऊन काढला, आणि आता छाती फुटेस्तोवर श्वास धरला, तो माझ्यासाठी.

"चला, सीटीचं इचारून घिऊया," ती म्हणाली.

मला उठता येईना. ती क्षणभर थांबली, मग एकटीच चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन रांगेत उभी राहिली.