जावईबापूंनी भरलेले रकाने

जावयाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवत नाही. जे घडलं ते सांगते, नावं तुम्हीच ठेवाल.

आमचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे खाली कटिंगचं टेबल आणि शिलाई मशिनी, वर कापडाचे तागे आणि जिन्याखाली ऑफिस. नवरा गेल्यावर मी तो चालवला, आणि काजं-बटणं करण्यापासून गिऱ्हाइकांची मापं घेण्यापर्यंत लेकीने सगळं केलं. तिचं लग्न झालं तसे तिच्यासोबत जावईबापूही कारखान्यात आले. तीन नोकऱ्या सोडून आले होते. पहिलीत साहेब मूर्ख होता, दुसरीत प्रोसेस नव्हती, तिसरीत यांची किंमत कुणाला कळली नाही. नाचता येईना अंगण वाकडं. आमच्याकडे अंगणच नव्हतं, म्हणून जिन्याखालच्या ऑफिसला नावं ठेवली.

माणूस दिसायला नीटनेटका. सकाळी आले की रुमालाने कॉम्प्युटरची काच पुसायची, खुर्ची वर-खाली करून बघायची, मग चहा. चहा झाला की 'आई, हे असं नाही चालत' सुरू. काय चालत नाही ते संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. सुईत दोरा ओवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. लेकीला विचारलं तर म्हणायची, आई, त्यांचं काम डोक्याचं असतं. असेल बाई. आम्ही इतकी वर्षं काय गुडघ्याने मापं घेत होतो?

मग त्यांनी ते मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर आणलं. ऑर्डरी, मापं, कापड, बिलं, सगळं एका ठिकाणी. कल्पना वाईट नव्हती, तेवढं मान्य करते. लेकीने मापं एक्सेलमध्ये ठेवली होती, दर वर्षाची शीट वेगळी. ती आता सॉफ्टवेअरमध्ये चढवायची होती. माझे गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. म्हणून मीच बोलून बसले, की हे काम पार पाडा, कारखाना तुमच्या नावावर करते, त्या सॉफ्टवेअरमध्ये मालकाचं नाव विचारतात तिथे आत्ताच तुमचं लिहा. आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळ दाखवणारी मी. लेक तिथेच उभी राहून बटणं मोजत होती. मोजून झालेली बटणं तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

आता लेकीची लिहायची पद्धत ऐका. समजा हॉस्पिटलच्या सिस्टरांची यादी, एकीची एक ओळ. हॉस्पिटलचं नाव पहिल्या ओळीत, खालच्या ओळींत तो रकाना रिकामा. म्हणजे वरचंच हॉस्पिटल. पण मापाचा रकाना रिकामा असला तर अर्थ वेगळा. माप बदललेलं नाही, गेल्या वर्षीच्या शीटमध्ये बघा. मला, लेकीला आणि कटिंग मास्तरांना हे माहीत होतं. सॉफ्टवेअरला रिकामा रकाना चालत नाही, लाल होतो आणि गाडी अडते. हॉस्पिटलच्या नावापाशी अडली तेव्हा जावईबापूंनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, वरचं खाली ओढा. ओढलं, लाल गेलं. पुढे मापांपाशी अडली. आता परत बायकोला काय विचारायचं? ती हाकेच्या अंतरावर काजं करत होती, पण हाक मारायलाही जीभ उचलावी लागते. यांनी मापंही वरची खाली ओढली.

सगळं हिरवं झालं. आम्हाला मशिनी बंद करायला लावून ते हिरवं दाखवलं. एकही चूक नाही म्हणाले. त्याचा फोटो काढून आपल्या भावंडांना पाठवला. आणि जुन्या वर्षांच्या शीटा 'कचरा' म्हणून पुसून टाकल्या.

पहिलीच ऑर्डर हॉस्पिटलची, नर्सेसच्या नव्या युनिफॉर्मची. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ते गेलं तर निम्म्या मशिनी बंद. यादीत सगळ्यात वर एक नवी, काडीसारखी पोरगी, म्हणून तिची मापं ताजी. तिच्याखाली सगळ्या जुन्या, भरलेल्या अंगाच्या सिस्टर, म्हणून रकाने रिकामे. सगळ्यांना त्या पोरीचं माप लागलं. लेक त्या आठवड्यात कापड आणायला परगावी गेली होती, मी घरी गुडघे शेकत होते. एवढ्या बायकांची कंबर एकच कशी, असं मास्तरांनी विचारलं. त्यावर जावईबापू म्हणाले, सिस्टीम चुकत नाही मास्तर, माणसं चुकतात. मास्तरांनी कात्री चालवली. मालकिणीच्या जावयाशी वाद कोण घालणार?

मोठ्या सिस्टर स्वतः माल न्यायला आल्या. त्यांनी घालून बघितलं तर बटण आणि काज यांची भेटच होईना. सैल असतं तर आत घेतलं असतं. कमी कापलेलं कापड कुणाच्या बापालाही वाढवता येत नाही. सिस्टर ओरडल्या नाहीत. सोमवारी नव्या इमारतीत सगळ्या नव्या कपड्यांत उभ्या दिसल्या नाहीत तर यापुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल, एवढंच सांगून गेल्या.

जावईबापूंचं त्यावर उत्तर तयार होतं. बायकोकडे बघून म्हणाले, डेटाच घाण होता. लाज कशाशी खातात ते या माणसाला ठाऊक नव्हतं.

मी लेकीला म्हटलं, टेप घे आणि हॉस्पिटलला जा. जुनी मापं पुसलेली, मला तिथले जिने झेपणार नाहीत, आणि त्या बायका पुरुषाला माप घेऊ देणार नाहीत. तिने टेप गळ्यात घातला.

"जाते," ती म्हणाली. "पण मालकाच्या रकान्यात माझं नाव दिसलं तरच मापं मास्तरांच्या हातात देईन."

जावईबापू हसले. आपण काय वेगळे आहोत का, म्हणाले.

"वेगळे नाही ना? मग माझं नाव लिहायला काय हरकत आहे?" आणि मग माझ्याकडे वळली. "त्यांचं नाव तूच सांगितलंस, आई. मला विचारलंही नाहीस."

ते लागलं मला. तिच्यासमोर मान खाली घालून मी जावईबापूंना म्हटलं, बदला नाव.

ती गेली. यांनी कुरकुरत तिचं नाव घातलं. पुढे जन्मतारखेचा रकाना आला, लाल झाला. माझ्याकडे बघितलं. मी मशिनींकडे बघत बसले. मग या गृहस्थांनी काय करावं? तिथे आपलीच तारीख भरली. लाल गेलं, हिरवं आलं.

"पुसा ते," मी म्हटलं. "ती आली की तिला विचारा. तोवर कशाला हात लावू नका."

दुपारभर तो लाल रकाना समोर ठेवून बसले होते. लेक आली, उभ्याउभ्याच तारीख भरली आणि मापं मास्तरांना दिली. मग यांना उठवलं, खुर्ची आपल्या उंचीला खाली केली आणि बसली.

सोमवारी सगळ्या सिस्टर नव्या कपड्यांत उभ्या होत्या. जावईबापू आता कारखान्यात बटणं मोजतात. मोजणी कधी कधी बरोबरही येते.