मावशीनं पुसलेलं ताट

मंडळी, सकाळपासून मन लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

मी मातीच्या वस्तू घडवते. त्यांचे फोटो मासिकांत चित्रं म्हणून छापतात. यावेळचा विषय होता वीजकेंद्राची राख आणि आपलं अन्न. दोन दिवस खपून मातीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा असं ताट केलं. त्यावर खरी राख चाळली.

वीजकेंद्राजवळच्या गावाहून माझी मावशी आली आहे. मी कॅमेरा आणेपर्यंत तिनं पदरानं ताट पुसून टाकलं!

"मावशी, काहून पुसलं?" मी ओरडलेच.

"राख होती ना वं! आमच्याकडे तं ताट पुसल्याबिगर कोणी जेवतच नाही."

किती सहज बोलली ती!

राख पुन्हा चाळायला हात धजत नाहीये. भाकरीवर तिच्या पदराचे फराटे आहेत. सांगा, असाच फोटो पाठवू का?