विमान वेळेवर, मी गडबला

१८ डिसेंबर. सकाळी मोड आलेले वाल सोलायला बसले आणि माझ्याच हुशारीने माझा घात केला.

टोरंटोला असलेला माझा मुलगा अभय तीन वर्षांनी घरी येणार होता. तोही एका रात्रीपुरता! दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कामासाठी त्याला मुंबईहून सिंगापूरचं विमान धरायचं होतं. हे गेल्यापासून रोह्याजवळ वरशाला मी एकटीच राहते, त्यामुळे टोरंटोहून मुंबईला येणारं ते विमान रोज फोनवर बघत बसायला वेळच वेळ. (त्यात अभय नसायचा, तरी बघायचे. काहीजणी मालिका बघतात.) ते रोज उशिरा यायचं. कधी दोन तास, कधी तीन.

विमानतळावर जायला शेजारचा बबन इको गाडी घेऊन दारात उभा.

"काकू, चला लवकर. हायवेला गडब गावात ट्रॅफिक हाय."

"अरे, ते विमान कधीच वेळेवर येत नाय. अभ्यास केलाय मी! वाल सोलून होऊ देत."

"त्याची वाट आभाळातून हाय काकू. आपली गडबवरून जाते."

"तू मला शिकवू नको!"

गडबला अडकलो. पुढे ट्रेलर, मागे एसटी, मध्ये आम्ही. उरलेले वाल पातेल्यासकट घेतले होतेच. पुढच्या सीटवर बसून सोलत राहिले. बाजूच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली. "मावशी, कशे किलो?"

तेवढ्यात अभयचा फोन!

"आई, विमान वेळेवर पोचलं! मी बाहेर उभा आहे. तू कुठेस?"

"गडबला."

"अजून?"

"जागचा हलू नकोस, मी आलेच!"

हे शेवटचं मी ठणकावून सांगितलं तेव्हा फोनची रेंज गेलेली होती, हे मला पनवेलला कळलं. तिथे त्याचा मेसेज टपकला : 'तू येऊ नकोस. टॅक्सी केली. घरीच भेटू.' म्हणजे माझा मुलगा कुठेतरी माझ्या समोरूनच निघून गेला होता, आणि मी खाली मान घालून वाल सोलत होते!

बबनने गाडी वळवली. गाणं गुणगुणायला लागला. (मेला बोलला असता तर बरं झालं असतं.) परतताना गडबने आम्हाला ओळखलं आणि पुन्हा थांबवून घेतलं.

घराची किल्ली माझ्या पर्समध्ये. बबनच्या आईने, वनिताने, अभयला घरात घेऊन भाकरी वाढली होती. मी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि चिरंजीव तिच्या सोफ्यावर गाढ झोपलेले. हलवून उठवला.

"बारीक झालीस गं," म्हणाला. घरी आला आणि पुन्हा आडवा झाला. एवढ्याच गप्पा.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्यासाठी त्या वालांचं बिरडं फोडणीला टाकलं, तोच बाहेर हॉर्न. "काकू, गडब!" या खेपेला मी वाद घातला नाही. वाल निम्मे कच्चे, डबा रिकामा, मुलगा गाडीत.

"तू नको येऊस. परतताना एकटी अडकून पडशील," अभय म्हणाला.

एकटी काय, ती मी घरातही असतेच की!

बिरडं शिजलं, ताट घेतलं, आणि फोन वाजला.

"आई, सिंगापूरचं विमान तीन तास उशिरा आहे."

"मग ये की जेवायला."

"गडबला अडकेन गं!"

फोन ठेवला आणि जेवले. विमान उशीर करणार, हा माझा अभ्यास पक्काच होता. फक्त एक दिवस लेट झाला!