रोवण्याचं चित्र

रोवणा, म्हणजे भाताची लावणी, संपून चौथा दिवस होता, तरी ललिताबाईचं कंबरडं अजून चिखलाच्या बांधीतच वाकलेलं होतं. आंबागडहून एसटीत चढताना तिला मनकर्णाबाईचा हात धरावा लागला. मनकर्णाबाई तरी कुठं ताजीतवानी होती? महिनाभर तिनं सोळा बायांची टोळी हाकली होती, ओरडून ओरडून गळा बसला होता. तुमसरला गाडी बदलली आणि भंडारा येईपर्यंत दोघी एकमेकींच्या खांद्यावर पेंगल्या. बघणाऱ्याला वाटावं, या बाया दवाखान्यात निघाल्या.

निघाल्या होत्या त्या चित्र पाहायला. हो, चित्रच! ललिताबाईची रुचिका नागपुरात चित्रकला शिकली, आता तिथंच एका शाळेत शिकवते. तिनं रोवण्याचं एक मोठं चित्र काढलं होतं आणि ते भंडाऱ्याच्या एका कलासंग्रहालयात लागलं होतं. पोरीनं आईला बजावलं होतं, दुपारी दोनला मधल्या सुट्टीत फोन करीन, चित्र कसं वाटलं ते खरं खरं सांग. तुझ्यावरूनच काढलंय, तुला पटलं तर मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवीन, नाही तर नाही. आज काय ते ठरवायचं होतं. जिला उभ्या जन्मात कुणी कशाबद्दल मत विचारलं नाही, तिच्या डोक्यावर हा भार!

संग्रहालय म्हणजे एका ड्रॉइंग मास्तरांचं दुमजली घर. दारातल्या माणसानं चपला राहू द्या म्हटलं, तरी दोघींनी त्या काढल्याच. भिंतीवर कुणाकुणाचे फोटो न् देव टांगलेले, तिथं चपला घालून कशा जायच्या? आणि खरं सांगायचं तर, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या त्या पायांना गार फरशी फार बरी वाटली. मनकर्णाबाई म्हणाली, इथंच अर्धा घंटा पडू, चित्र काय पळून जाते? पण ललिताबाईला धीर नव्हता. रुचिकाचं चित्र वरच्या मजल्यावर होतं. गुडघे धरत, मध्ये एकदा टेकत, त्या जिना चढल्या.

चित्र अर्धी भिंत व्यापून होतं. आभाळ भरून आलेलं, पाणी भरलेली बांधी, चार बाया लुगडी खोचून वाकलेल्या, हातात पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, जुड्या. सगळ्यांत पुढं ललिताबाई. जांभळं लुगडं तेच, कपाळावरचं गोंदण तेच, आणि वाकल्या वाकल्याच तोंड वर करून ती थेट पाहणाऱ्याकडं बघत होती. ललिताबाईनं पदर तोंडाला लावला. आपण अशा दिसतो, इतक्या साजऱ्या, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, आता दोन वाजले तरी हरकत नाही.

मनकर्णाबाई मात्र मान तिरपी करून बघत होती. टोळीची बाई ती, तिची नजर आधी कामावर जायची.

"वो ललिता," ती हळूच म्हणाली, "ह्या बाया पुढं चालून राहिल्या."

ललिताबाईनं पदर खाली घेतला आणि पुन्हा पाहिलं. खरंच की. रोवणारी बाई मागं मागं सरकते. रोवलेलं धान डोळ्यांपुढं राहतं आणि टाच मोकळ्या चिखलात पडते. झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. चित्रात मात्र हिरव्या ओळी बायांच्या पाठीमागं होत्या, समोर नुसता चिखल, आणि ललिताबाईचं पाऊल पुढं उचललेलं. म्हणजे स्वतः रोवलेलं सगळं तुडवतच ती आली असणार.

चूक पोरीची नव्हती, ललिताबाईचीच होती. गावातल्या दहा-दहा वर्षांच्या पोरी आयांबरोबर बांधीत उतरायच्या. रुचिकाला तिनं कधी उतरू दिलं नाही. बांधीच्या कडेला धुऱ्यावर छत्री रोवून, हातात पाटी देऊन बसवायची. माझ्या पोरीच्या पायाला चिखल लागणार नाही म्हणजे नाही! त्यापायी सासूशी भांडली, मनकर्णाबाईशी भांडली. आता घ्या. पोरगी आईचं चित्र काढते आणि आई कोणत्या दिशेनं चालते तेच तिला ठाऊक नाही.

तिथून ऑटोनं नदीवरचा पूल ओलांडून त्या कारध्याला खानावळीत जेवायला गेल्या. मनकर्णाबाईची फार दिवसांची हौस होती, खुर्चीवर बसायचं आणि दुसऱ्याच्या हातचा मासे-भात खायचा. मासे झणझणीत आले, पण भात आला वाटीएवढा, मूद पाडून. धानाच्या जिल्ह्यात वाटीभर भात! मनकर्णाबाईनं वाढणाऱ्याला तीनदा आत पिटाळला. ललिताबाई नुसती रस्सा चिवडत होती. मनकर्णाबाईनं तिला समजावलं, लई साजरं आहे म्हणून मोकळी हो, मुंबईवाल्यांना काय कळतंय, दुरून डोंगर साजरे. पण उद्या तिथं कुणी जाणकार भेटला आणि पोरीला हसला तर? आणि आपलं पोर खरं विचारतंय, त्याला खोटं कसं सांगायचं? विचार करायचंही त्राण तिच्या अंगात उरलं नव्हतं. निजावंसं वाटत होतं फक्त.

दोनला फोन वाजला. ललिताबाईनं खरकटा हात बाजूला धरला.

"चित्र लई साजरं आहे," ती म्हणाली. "पन बाई, आमी मांगं मांगं चालतो. पुढं नाही."

ललिताबाईला वाटलं, दुखावली पोरगी.

"मले माहीत आहे, आई," रुचिका म्हणाली. शहरात राहून तिची बोली बदलली होती, पण आता ती घरचंच बोलत होती. "धुऱ्यावर बसून मी दुसरं काय पाहो? तू सरकत सरकत माझ्याकडंच येत होती, पन मले दिवसभर तुही पाठच दिसे. म्हनून चित्रात तुले पलटवली. चुकीचं आहे, समजते मले. पाठवू का नको?"

ललिताबाईनं पाठव म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

मनकर्णाबाईनं विचारलं, काय म्हणते पोट्टी? ललिताबाईनं ताट बाजूला सारलं. बांधीत एक बाई थांबली की सगळी ओळ अडते, आणि ओळ अडली की मनकर्णाबाईचा आवाज चढतो. ते दोघींनाही सांगायची गरज नव्हती.

"धुऱ्यावरून हाका मारे वो ती," ललिताबाई म्हणाली. "मले आयकू येई. मी वळोच नाही."