आधी भर, मग भोक

मंडळी, आज स्वतःचीच चीड आलीय, म्हणून लिहितोय.

सकाळी नातीला कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूंचे आराखडे काढायच्या, क्लासला सोडायला गेलो आणि मागच्या बाकावर टेकलो. पहिलाच धडा. सर म्हणाले, "आधी सगळी भर घाला, भोकं शेवटी पाडा. नाहीतर नंतर घातलेली भर भोक बुजवते."

हे मी पूर्वी ऐकलं होतं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. सातपूरच्या आमच्या कारखान्यात वस्तूचा भरीव आकार दाखवणारा कॉम्प्युटर आला. एसी खोली, चपला बाहेर. मी ड्राफ्ट्समन, म्हणून आत. पगारे मिस्त्री ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवायचे, म्हणून बाहेर. त्यांच्या कपड्यांवरची धूळ चालत नाही म्हणे.

पंपाच्या झाकणाचं भोक माझ्या पडद्यावरून सारखं गायब व्हायचं. चार दिवस डोकं फोडलं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत पगारेंना कागदावर दाखवलं. ते हसले. "साहेब, भोक पाडून मग वर तुकडा चिकटवता व्हय? बुजणारच ना! आधी चिकटवा, मग पाडा. लाकडात बी तसंच हाय."

तसं केलं. भोक दिसलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "कुणाला सुचलं?"

"मला," मी म्हणालो. बढती मिळाली. पगारे दाराच्या काचेतून पडद्यावरचं ते झाकण बघत उभे होते. मी दार उघडलं नाही.

आज घरी येताना हे मला जुनंच ठाऊक आहे म्हणालो, तर नातीने विचारलं, "आबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"माझं मीच शिकलो."

पुन्हा तेच!

तुम्हाला ज्याने शिकवलं, त्याचं पूर्ण नाव खाली लिहा. मला मात्र ते लिहिता येत नाही. पगारेंचं पहिलं नाव मी कधी विचारलंच नाही.