तो वास धुपाचा नव्हता

माहूरच्या देवीआईवर माझा भरवसा आहे, असं मी आयुष्यभर सांगत आलो. तो किती पोकळ होता हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसाबद्दल मात्र बारा वर्षं कुणाशी बोललो नाही. आता पंचेचाळिशी उलटली, माझी आई गेली. म्हणून लिहितो.

तेव्हा मी यवतमाळात कापसाची जिनिंग असलेल्या एका शेठजींची मोटार चालवत होतो. माझी धाकटी बहीण सुमन तापानं कमरेपासून अधू झाली होती. उचलल्याशिवाय तिला जागचं हलता येत नसे. तिच्यासाठी आईनं माहूरला नवस बोलला होता. शेठजींनी एका मंगळवारी गाडी दिली, अट एकच घातली, हॉर्नची झिजलेली वायर आधी बदल. बाजारात वायर मिळाली नाही. तसं सांगितलं असतं तर मंगळवार हुकला असता. जिनात सुताच्या चिंध्यांना तोटा नव्हता. एक चिंधी वायरीला घट्ट गुंडाळली आणि शेठजींना म्हणालो, "बदलली."

आर्णी गाव मागे पडलं आणि जळका वास येऊ लागला. हँडब्रेक पाहिला, तो सुटलेला होता. क्लचवर पाय राहिला असेल म्हणून पाय उचलला. पाणी तापलं म्हणावं तर वाफ नव्हती. मग बॅटरीच्या काट्याकडे नजर गेली. तो उलट्या बाजूला झुकून थरथरत होता. वीज कुठे तरी वाया चालली होती, आणि कुठे ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या चिंधीपासून वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी होती.

मागून आई म्हणाली, "धूप येऊन राह्यला रे. आपण पोचलो नाही तं आईच सामोरी आली."

तिनं डोळे मिटून हात जोडले. त्याच क्षणी गाडी उभी करायला हवी होती. पण उभी केली तर बॉनेट उघडावं लागणार, चिंधी दिसणार, देवीच्या वाटेला खोटं बोलून निघालो हे आईला कळणार. मी म्हणालो, "हो आई, धूपच हाय."

त्यानंतरचे दोन-तीन मैल मी गाडी कशी चालवली ते सांगता येत नाही. स्टिअरिंग घामानं हातातून निसटत होतं. आरशात सुमन दिसायची आणि एकच विचार यायचा, पेट घेतला तर आई कशीबशी उतरेल, पण हिला बाहेर काढेपर्यंत किती वेळ लागेल? तोंडानं देवीचं नाव घेत होतो आणि पाय ब्रेकवर ठेवत नव्हतो. असा होता माझा भरवसा.

वळणावर गुरं आडवी आली. हॉर्न दाबला, तो मुका. गाडी थांबवावीच लागली. गुरांमागून बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक वयस्क बाई काठी टेकत आली आणि खिडकीत वाकली.

"काय जाळून राह्यला रे बापू?"

"धूप हाय बाई, देवीचा," आई म्हणाली.

बाईनं नाक वर केलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात. "धूप नाही याडी. चुलीपाशी लुगड्याचा पदर जळते, तवा असाच वास येते." मग माझ्याकडे पाहून, "काहून रे, डायवर हायस का पुजारी? उतर खाली."

तिनं काठी टाकली, दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत सुमनला लेकरासारखं उचलून दूर पळसाखाली नेऊन बसवलं. आईला मी उतरवून सुमनजवळ पाठवलं. बॉनेट उघडलं तर चिंधी काठाकाठानं लाल झाली होती. बॅटरीची तार ओढून काढली, चिंधी खाली पाडून तिच्यावर मूठ-मूठ माती टाकली. हॉर्नची वायर समूळ तोडली. पेट्रोलची नळी हाताला गरम लागत होती.

आई नारळ द्यायला वळली, तर बाई म्हणाली, "ठेव याडी, ढोरं लोकाच्या वावरात जातीन," आणि निघाली.

"ते कोण होती, समजलं का तुले?" आईनं विचारलं. मी बॅटरीची तार परत जोडत राहिलो. पुढे हॉर्नाविना गेलो. दर वळणावर सुमन खिडकीतून "हटा हो, हटा" ओरडायची आणि हसायची. आई मरेपर्यंत लोकांना सांगत राहिली, देवीनं गाडी अडवली आणि माझ्या पोरानं शर्थ केली. ती शाबासकी मी गिळत राहिलो.

सुमन चालू लागली नाही. ती माझ्याकडेच असते. गेल्या महिन्यात तिच्यापुढे ताट ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मले तवाच समजलं होतं दादा. 'धूपच हाय' म्हणताना तुहा आवाज फाटला होता. मी आईचा हात धरून बसली होती. वाटे, दादा आता बोलन, मंग बोलन."

मी उठून जायला लागलो.

"बोलला ना आता. जेवण थंडं होऊन राह्यलं, बस."

ती बाई कोण होती, या वादात मी पडत नाही. आईनं ओळखली ती मलाही मान्य आहे. मी त्या दिवशी देवीला नुसती हाक मारत होतो, हातातलं खोटं सोडत नव्हतो. तरी तिनं वाट अडवली. आणि मागे बसलेली माझी बहीण, जिला स्वतःहून उतरता येत नव्हतं, ती माझ्या भरवशावर गप्प बसली होती. त्या दोघींच्या पायांवर डोकं ठेवावं, एवढीच आता इच्छा आहे. एकीचे पाय मला रोज सकाळी धुवायला मिळतात.